पथ्य, व्रत आणि ‘डाएट’ : एका नैतिक घोटाळ्याविषयी

वजन घटवण्याविषयी मराठीत आज जे विपुल लिहिले जाते ते वैद्यकीय लेखन आहे, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मते ते प्रामुख्याने नीतिपर लेखन आहे; आणि म्हणूनच ते तपासण्याचा अधिकार वैद्यांइतकाच साहित्याच्या अभ्यासकांनाही आहे. रविवारच्या पुरवण्या, आरोग्यविषयक दिवाळी अंक, ‘मी वीस किलो वजन कसे घटवले’ या छापाची अनुभवकथने यांत प्रथिने, कर्बोदके, उष्मांक यांची चर्चा असते खरी, पण ती तोंडी लावण्यापुरती. ताटातला मुख्य पदार्थ निराळाच असतो. त्याचे नाव निश्चय. ज्याचा निश्चय दृढ तो बारीक होतो, ज्याचा कच्चा तो जाड राहतो, हे या साऱ्या लेखनाचे गृहीतक आहे आणि ते इतके गृहीत आहे की कोणी ते सिद्ध करण्याच्या फंदातही पडत नाही. प्रस्तुत लेखाचा वाद या गृहीतकाशी आहे.

प्रथम या अनुभवकथनांच्या रचनेकडे पाहू. पूर्वाश्रमीचे बेसावध जीवन; मग अपमानाचा एक क्षण (न बसणारी विजार, लग्नाच्या अल्बममधला फोटो, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसताना ऐकू आलेला टोमणा); मग साक्षात्कार; मग कठोर नेम; आणि अखेरीस शेजारीशेजारी छापलेली दोन छायाचित्रे, ‘आधी’ आणि ‘नंतर’. धर्मांतराची आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत त्यांना हा घाट ओळखीचा वाटेल. तेथेही पतन, पश्चात्ताप आणि उद्धार असाच क्रम असतो. फरक एवढाच की धर्मांतरितांच्या प्रामाणिक आत्मकथनांत उद्धारानंतरच्या शंका, घसरणी, एकटेपण यांनाही जागा असते. वजनकथा मात्र दुसऱ्या छायाचित्रापाशी थांबते. तिसरे छायाचित्र, म्हणजे पाच-सहा वर्षांनंतरचे, तिच्या घाटातच बसत नाही.

ते तिसरे छायाचित्र शास्त्रज्ञांनी एकदा काढले आहे. ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे घटलेले वजन बऱ्याच अंशी परत आले होते. अधिक बोलकी गोष्ट अशी की त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय त्यांच्या वजनावरून अपेक्षित असलेल्या व्ययापेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमी होता. म्हणजे शरीर सहा वर्षांनंतरही काटकसरीनेच खर्च करत होते. या माणसांनी कोट्यवधी प्रेक्षकांसमोर घाम गाळला होता. त्यांच्या निश्चयाला आणखी कोणते प्रमाणपत्र हवे होते?

‘इच्छाशक्ती’ या शब्दाकडे जरा रोखून पाहिले पाहिजे. हा शब्द वापरताना आपल्या मनात एक चित्र असते : टाकी, किंवा दंड. टाकीत साठा असतो, तो वापरला की आटतो. दंड व्यायामाने कमावता येतो. ही रूपके आहेत हे आपण विसरून गेलो आहोत. मानसशास्त्रानेही काही काळ ती अक्षरशः घेतली. १९९८ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भुकेल्या विद्यार्थ्यांना नुकत्याच भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांच्या वासाने भरलेल्या खोलीत बसवले; काहींना बिस्किटे खाऊ दिली, काहींना फक्त मुळे. नंतर सर्वांना न सुटणारी कोडी घातली. मुळेवाल्यांनी कोडी लवकर सोडून दिली. यावरून संयमाचा साठा मर्यादित असतो, हा सिद्धान्त जगभर गाजला, त्यावर पुस्तके खपली. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर या सिद्धान्ताची पडताळणी केली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्डमधील मार्शमेलो-प्रयोगाचीही तीच गत. जे मूल गोड पदार्थासमोर थांबू शकते ते आयुष्यात पुढे जाते, अशी त्याची लोकप्रिय शिकवण. शिक्षक-प्रशिक्षणाच्या शिबिरांत ती आम्ही स्वतः कितीदा तरी ऐकली आहे. २०१८ मध्ये मोठ्या संख्येच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हा संबंध निम्म्याने क्षीण आढळला, आणि घरची परिस्थिती, आईचे शिक्षण इत्यादी गोष्टी हिशेबात घेतल्यावर तर फारसा उरलाच नाही. थांबू शकणारे मूल बहुधा अशा घरातले होते जिथे ‘नंतर देते’ म्हटलेली वस्तू नंतर खरोखर मिळते.

पण या सर्वांहून जुना, आणि आमच्या दृष्टीने निर्णायक, असा एक प्रयोग आहे. निश्चयवाद्यांनी तो एकदा तरी नीट वाचावा. नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना घेऊन उपासमारीचा अभ्यास आरंभला. युद्धानंतर युरोपातील भुकेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे शोधण्याचा हेतू होता. हे तरुण कोण होते, हे महत्त्वाचे आहे. ते सद्‌सद्विवेकापोटी शस्त्र धरण्यास नकार देणारे होते. त्यांत क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांततावादी पंथांचे पुष्कळजण होते. सारा देश युद्धज्वराने पेटलेला असताना ‘आम्ही लढणार नाही’ म्हणायला जे धैर्य लागते ते त्यांच्यापाशी होते, आणि परोपकारासाठी उपाशी राहण्यास ते स्वेच्छेने आले होते. निश्चयाच्या कसोटीवर याहून खरे सोने मिळणे कठीण.

सहा महिने त्यांना दोन वेळचे साधे जेवण मिळाले. पाव, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी. दिवसाला सुमारे १५७० उष्मांक, म्हणजे त्यांच्या पूर्वीच्या आहाराच्या निम्म्याने. आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे. वजन सरासरी एक चतुर्थांशाने घटले. मनाचे काय झाले? ज्यांच्या बोलण्यात धर्म, राजकारण, जगाचे भवितव्य असे, त्यांच्या बोलण्यात अन्नाशिवाय काही उरले नाही. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि कादंबरी वाचावी तशी वाचू लागले. ताटे चाटली जाऊ लागली. एकेक घास तासभर पुरवला जाऊ लागला. चिडचीड, औदासीन्य, एकांतप्रियता वाढली. काहींच्या हातून चोरून खाणे घडले, तेव्हा बाहेर जाताना प्रत्येकासोबत एक सोबती देण्याचा नियम करावा लागला. कीज आणि सहकाऱ्यांचा ‘द बायॉलॉजी ऑफ ह्यूमन स्टार्व्हेशन’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १९५० मध्ये निघाला. त्यात हे सारे नोंदलेले आहे. (रात्री अकराला, दिवसभर सॅलडवर राहून, मोबाइलवर चीज पसरलेल्या पदार्थांच्या चित्रफिती पाहत बसणारी माणसे आमच्या परिचयात आहेत. त्यांना आम्ही या ३६ जणांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना बरे वाटले.)

आता हेही लक्षात घ्यावे की मिनेसोटाचे तरुण सडसडीत होते. स्थूल देहाचे व्यवहार काहीसे वेगळे असू शकतात, अशी शंका कोणी काढील. तिलाही उत्तर आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० स्थूल व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात, दहा आठवड्यांच्या अत्यल्प आहारानंतर भूक आणि तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांत जे बदल झाले ते वर्षभरानंतरही बऱ्याच अंशी टिकून होते. आणि माणसे आरंभीपेक्षा अधिक भुकेली होती. ज्याला आपण मनाचा कमकुवतपणा म्हणतो त्याच्या पाठीशी रक्तातली ही सततची ओरड असते.

मग मनाचे काहीच नाही का? आहे, पण ते निश्चयवादी समजतात त्याच्या उलट्या दिशेने काम करते. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये एक साधा प्रयोग केला. काही स्त्रियांना आधी मिल्कशेक दिला आणि मग ‘चव तपासण्यासाठी’ म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवले. खाण्यावर बंधन न घालणाऱ्या स्त्रियांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे स्वाभाविकच. पण ज्या एरवी सतत खाण्यावर लगाम ठेवीत, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट अधिक खाल्ले. नेम मोडलाच आहे, तर आता काय राहिले! पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांना जे प्रयोगशाळेत गवसले ते आमच्या आज्यांनी ‘एकादशी दुप्पट खाशी’ या तीन शब्दांत कधीच सांगून ठेवले होते. लगाम जितका कडक तितकी सुटकेनंतरची धाव मोठी. ‘जरासे’ या शब्दाला कडक नेमात जागाच नसते. तेथे एक जिलबी आणि दहा जिलब्या यांची शिक्षा सारखीच.

येथे आम्हांला भाषेचा मुद्दा मांडायचा आहे, कारण तो आमच्या विषयाचा आहे. मराठीत अन्नसंयमासाठी निदान तीन निरनिराळे शब्द होते आणि त्यांची क्षेत्रेही निराळी होती. ‘पथ्य’ हे रोग्याचे. पथाला, मार्गाला धरून असलेले ते पथ्य. त्यात पाप-पुण्याचा प्रश्न नव्हता. कावीळ झालेल्या माणसाने तेलकट खाल्ले तर तो बेफिकीर ठरे, पतित ठरत नसे. ‘लंघन’ हा वैद्यकातला तात्पुरता उपाय. आणि ‘व्रत’ हे धर्मातले. व्रताला संकल्प होता, ठरलेली मुदत होती आणि उद्यापन होते. चातुर्मासाचा नेम कार्तिकी एकादशीनंतर समारंभपूर्वक सुटत असे. ज्या पदार्थाचा त्याग केला तो दान देऊन पुन्हा ताटात येत असे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचे जे विवेचन आहे ते चाळले तर दिसते की शास्त्रकार आजच्या आहारगुरूंपेक्षा पुष्कळच व्यवहारी होते. औषध घेतल्याने, पाणी-दूध-फळे घेतल्याने, गुरूच्या शब्दाखातर खाल्ल्याने व्रत मोडत नाही, अशी सोय त्यांनी ठेवली होती. आजारी माणसाच्या वतीने दुसऱ्याने व्रत पाळावे, अशीही तरतूद होती.

‘डाएट’ या एका शब्दाने हे तिन्ही शब्द गिळले. त्याने पथ्याकडून वैद्यकाचा अधिकार घेतला आणि व्रताकडून पाप-पुण्याची परिभाषा घेतली. ‘काल मी पाप केलं, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या’ हे वाक्य स्टाफरूममध्ये आता हसत हसत उच्चारले जाते, पण त्यामागची अपराधभावना खोटी नसते. मात्र व्रताची मुदत घेतली नाही, सवलती घेतल्या नाहीत, उद्यापन तर नाहीच नाही. आजन्म चालणारे, सुटका नसलेले, प्रतिनिधी न चालणारे हे व्रत आहे. आणि ते मोडणे अटळ असल्याने आजन्म अपराधीपणही ठरलेलेच. व्रतांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचा भार कोणाच्या पोटावर पडत होता हे आम्हांला ठाऊक आहे. पण जुन्या धर्माने निदान सुटकेची तिथी सांगितली होती.

आणि भार आजही त्याच पोटांवर आहे. आहार पाळणे ही गोष्ट एका व्यक्तीच्या मनात घडते असे समजणाऱ्यांनी एखाद्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात आठवडाभर उभे राहावे. ‘डाएटवर’ असलेला पुरुष म्हणजे त्याच्यासाठी वेगळी भाकरी, वेगळी कोशिंबीर करणारी एक बाई. ‘डाएटवर’ असलेली बाई म्हणजे सर्वांसाठी साग्रसंगीत रांधून, मुलांच्या ताटातले उरलेले ‘वाया जाऊ नये’ म्हणून तोंडात टाकून, मग स्वतःची वाटीभर डाळ घेऊन बसणारी बाई. त्या उरलेल्या घासांचा उष्मांक कोणत्याच तक्त्यात नसतो. त्यावर आपल्याकडचा आग्रह! पंगतीत नको म्हणणे हा यजमानाचा अपमान, आणि हो म्हणून जाड राहणे हा स्वतःचा. वसतिगृहाच्या मेसमध्ये तर निवडीचा प्रश्नच नाही : बटाट्याची पातळ भाजी, भात, तीन पोळ्या. तेथे राहणारी मुलगी बारीक होण्याचे ठरवते तेव्हा तिच्यापुढे एकच मार्ग असतो, न जेवणे. दुपारच्या तासाला मान टाकणाऱ्या अशा मुली आम्ही पाहिल्या आहेत. विचारले तर उत्तर येते, ‘सर, डाएट चालू आहे.’ त्यात एक प्रकारचा अभिमानही असतो, आणि तो आम्हांला त्या अशक्तपणाहून अधिक भयावह वाटतो.

आमच्या माहितीच्या एका महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी ‘वजन घटवा’ स्पर्धा झाली. हेतू चांगला होता, हे आम्ही मान्य करतो. पण दर सोमवारी सर्वांची वजने कार्यालयाबाहेरच्या फलकावर नावानिशी लावली जात. ग्रंथालयातील एक परिचर बाई, ज्यांना थायरॉइडचा विकार होता, तीन आठवडे तळाशी राहिल्या आणि चौथ्या आठवड्यापासून त्या कार्यालयासमोरून जाण्याचे टाळू लागल्या. मस्टरवर सही करायला त्या मागच्या जिन्याने येत. त्यांच्या नावापुढे कोणीतरी पेन्सिलीने ‘निश्चय कमी’ असे लिहिले होते. आम्ही त्या फलकाला लेखी आक्षेप घेतला. उत्तर आले की स्पर्धेमुळे ‘मोटिव्हेशन’ मिळते.

या टप्प्यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की, तुम्ही लोकांना निराश करता. मधुमेह, रक्तदाब यांनी माणसे ग्रासलेली असताना हातपाय गाळून बसायचे काय? आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर देऊ. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधाचा मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उद्दिष्ट वीस किलोंचे नव्हते. वजनाच्या केवळ ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. पण हे साधले कसे? प्रत्येक सहभागी व्यक्तीला स्वतःचा मार्गदर्शक होता, एकेकट्याला शिकवलेले सोळा पाठ होते, त्यानंतर वारंवार भेटी होत्या, अडचण आली की तोडगा सुचवणारी यंत्रणा होती. निश्चयवाद्यांना जे मनाचे यश वाटेल ते पगारी मनुष्यबळाचे यश होते. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांचा २००६ चा भारतीय अभ्यास तर आणखी विचार करायला लावणारा आहे : राहणीतील बदलाने मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, आणि वजनात लक्षणीय घट झालेली नव्हती! आरोग्य सुधारले, काटा हलला नाही. फलकावर या माणसांची नावे तळाशीच राहिली असती.

२००५ चा आणखी एक अभ्यास सांगून हा भाग आटोपतो. बोस्टनमध्ये १६० जणांना अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश या चार आहारपद्धतींत वाटून वर्षभर पाहिले. कोणती पद्धत, याला फारसे महत्त्व उरले नाही. कोण किती टिकून राहिले याला होते. आणि वर्षअखेर सर्वांत कडक अशा दोन टोकांच्या पद्धतींतून निम्मेच लोक उरले होते. तरीही आपल्याकडे दोन वेळा खावे की दर दोन तासांनी, यावर घराघरांत पक्ष पडतात; ज्या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे, म्हणजे या माणसाला, या घरात, या पगारात काय झेपेल, तो कोणी विचारतच नाही.

अलीकडच्या औषधांनी तर निश्चयवादाचा पायाच काढून घेतला आहे. सेमाग्लुटाइडला वजन घटवण्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २०२५ मध्ये ते या उपयोगासाठी भारतात आले. आठवड्याला एक सुई, आणि वर्षानुवर्षे अन्नाच्या विचाराने ग्रासलेली माणसे सांगतात की डोक्यातला गलका थांबला. त्यांची इच्छाशक्ती सुईतून आत गेली काय? आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, हेही एका मोठ्या चाचणीच्या पाठपुराव्यात दिसले आहे. म्हणजे चारित्र्य दर आठवड्याला टोचून घ्यावे लागते, असेच मानावे लागेल. औषधाचे दुष्परिणाम, किंमत, दुरुपयोग यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. तो स्वतंत्र विषय. येथे मुद्दा एवढाच की ज्याला आपण दुर्गुण म्हणत होतो तो भुकेचा आवाज होता, आणि तो सर्वांना सारख्या मोठ्याने ऐकू येत नाही.

आता आमच्या वर्गाकडे वळतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील ‘उपास’ हा लेख महाराष्ट्रात ज्याने ऐकला नाही असा मराठी वाचक विरळा. वर्गात तो शिकवताना आणि उत्तरपत्रिकांत त्याच्यावर लिहिताना एक ठरीव वाक्य येते : ‘लेखकाने माणसाच्या दुबळ्या मनोनिग्रहावर मार्मिक विनोद केला आहे.’ मार्गदर्शिकांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेले हे वाक्य आम्हांला चुकीचे वाटते. तो लेख पुन्हा वाचावा. वजन घटवण्याचा बेत जाहीर होताच तो एकट्याचा राहत नाही, चाळीचा होतो. जो तो येऊन काही ना काही सोडायला सांगतो, आणि कोणाचाही सल्ला दुसऱ्याच्या सल्ल्याशी जुळत नाही. एका माणसाच्या पोटावर साऱ्या चाळीची सत्ता कशी चालते, याचे ते चित्रण आहे. विनोदाचा रोख उपाशी माणसावर आहे त्याहून अधिक उपदेश करणाऱ्यांवर आहे. मिनेसोटाच्या तरुणांप्रमाणे या नायकाचेही सारे चित्त अन्नाभोवतीच फिरू लागते, हे पुलंनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून टिपले आहे. शेवटी काटा कोणीकडे गेला यावर हसताना वाचक नायकापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही; तो त्याच चाळीत राहतो.

आमचे हे वाचन ज्यांना अमान्य असेल त्यांनी त्याचे सप्रमाण खंडन करावे. आम्ही ते आनंदाने वाचू. तोवर आमच्या विभागापुरते आम्ही ठरवले आहे की ‘उपास’वरील प्रश्नाच्या आदर्श उत्तरातून ‘दुबळा मनोनिग्रह’ हे शब्द काढून टाकायचे, आणि ज्या विद्यार्थ्याने चाळीतील सल्लागारांविषयी स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या असतील त्याला त्यांचे गुण द्यायचे.